पितळी नळ

"पण अण्णा, सही करायला अडचण काय आहे?"

शंतनूने पुन्हा विचारलं. आवाज मऊच ठेवला होता, पण टेबलाखाली पाय हलत होता.

आता शंतनू म्हणजे पहिल्याच फटक्यात सी.ए. झालेलं पोर. त्याच्या आईने वाटलेले पेढे गल्लीच्या अजून लक्षात आहेत, कारण तिने ते विसरूच दिलेले नाहीत. आणि केळुसकर अण्णा त्याचे गुरू. जन्मभर हिशेब तपासून पाठीला बाक आलेले.

दोघे सोलापुरात, विडी कामगारांच्या वसाहतीत आले होते. स्वस्त भाड्याची घरं बांधणाऱ्या संस्थेचं ऑडिट होतं. घरोघरी पाणी पोचलं, असं अण्णांनी लिहून दिलं की संस्थेला सरकारी मदतीचा शेवटचा हप्ता मिळणार. मग इकडे परत कोण फिरकतंय?

"नळ आहेत?" अण्णांनी विचारलं.

"घरटी एक आहे. स्वतः हात लावून आलोय. फोटो आहेत, ठेकेदाराची बिलं आहेत. पितळी नळ आहेत, अण्णा!"

"वा." अण्णांनी चहाचा कप पुढे सरकवला. "घे."

घेतला.

"अजून घे."

संस्थेचे चिटणीस बोंद्रे मोठे अगत्याचे. ऑडिटर आले की त्यांच्या किटलीला खंड नसे. शंतनू कपामागून कप रिचवत पंपाबद्दल बोलला, टाकीबद्दल बोलला… अण्णा नुसते ऐकत होते. आणि बोंद्र्यांकडून त्याचा कप भरून घेत होते.

शेवटी शंतनू उठला. "आलोच जरा…"

"ऑफिसातलं नको," अण्णा म्हणाले. "भाडेकरूंच्या यादीत चौथ्या मजल्यावर यल्लव्वाबाई आहेत, त्यांच्याकडे जा."

"चौथ्या?"

"नळ आहे ना तिथे? पितळी?"

बोंद्र्यांची किटली हवेतच थांबली.

शंतनू जिने कसा चढला, ते त्याचं त्याला माहीत. यल्लव्वाबाई दारातच विड्या वळत बसल्या होत्या.

"जा की बाबा, लाजतोस काय?" असं म्हणून त्यांनी रिकामी बादली त्याच्या हातात दिली. "पण आधी खालनं भरून आण. वर कुठलं आलंय पाणी?"

"अहो, पण नळ…"

"हाय की. सूनबाई टॉवेल अडकवते त्याला."

तो धावत उतरला, बादली भरून पुन्हा चढू लागला. जिन्यात हंडे घेतलेल्या बायकांनी त्याला वाट दिली. एकीने कौतुकाने विचारलंही, "नवीन भाडेकरू वाटतं?"

परत आला तेव्हा विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. बादलीच्या पाण्याने हो, भलतं काही मनात आणू नका.

अण्णांनी पेनाचं टोपण काढलं. "करू सही?"

शंतनूने अहवाल स्वतःकडे ओढला आणि पाण्याच्या ओळीवर काट मारली.

बोंद्र्यांनी कपाळ पुसलं. "साहेब, ही 'अ' इमारत जरा चढावर आहे हो. 'ब'मध्ये बघा, पाणी कसं धो धो!"

अण्णांनी समजूतदारपणे मान डोलावली.

"बोंद्रे, याला अजून एक चहा द्या."