पट्टीखालचा पाइप

गाड्यांचे सुटे भाग आपसांत आणि माणसांशीही बोलत, त्या काळची गोष्ट. एका गॅरेजात इंजिनाचा धूर वाहून नेणारा म्हातारा पाइप पडला होता, उष्णता अडवणाऱ्या कापडी पट्टीत गुंडाळलेला. शेजारी एक नवी, उघडी नळी होती.

"पोरी, पट्टी बांधून घे. आम्ही सगळ्यांनी बांधली."

"मला उष्णता अडवायला पट्टीऐवजी सिरॅमिकचा लेप हवाय, आजोबा. पट्टी पाणी धरून ठेवते."

"फार शिकलीस."

तेवढ्यात मेकॅनिक पट्टी घेऊन आला आणि नळीला पहिला वेढा देऊ लागला.

"आजोबा, खरं सांगा, तुमच्या पट्टीआड काय आहे?"

म्हातारा मेकॅनिकला म्हणाला, "आधी माझी सोड."

पट्टीबरोबर गंजाचे पापुद्रे गळून पडले. मेकॅनिकने नळीचा वेढा उलगडला.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?" नळीने हळूच विचारलं.

"आमच्यात हे कुणी कुणाला विचारत नसे, पोरी."