पालथा डफ

फार पूर्वी, गाण्याला गाण्यानंच उत्तर द्यायची रीत होती त्या काळी, एका डोंगराळ गावात केरबा नावाचा शाहीर राहत होता. त्याचा आवाज असा खणखणीत, की जत्रेत तो उभा राहिला की रेवड्यांच्या दुकानाला चिकटलेली पोरंसुद्धा तिथून हलायची. केरबाला मूलबाळ नव्हतं. त्याचं लेकरू म्हणजे त्याचं एक गाणं. आपण गेल्यावरही ते लोकांच्या तोंडी राहावं, एवढीच त्याची इच्छा होती.

मोहिमेवर निघालेला शिपाई बायकोचा निरोप घेतो, असं ते गाणं होतं.

चाललो मी मोहिमेवर, पुसू नको कधी येणार,
उंबऱ्याशी उभी रहा गं, तिथंच तुला भेटणार.

गाव वेडं झालं होतं या गाण्यापायी. बायका ते जात्यावर म्हणायच्या आणि शिपायाच्या जागी खुशाल आपापल्या नवऱ्याचं नाव घालायच्या. गाडीवान त्यात आपल्या बैलांना बसवायचे. केरबाच्या कानावर यातलं काही फारसं यायचं नाही, आणि आलं नाही तेच बरं.

या गावची रीत मोठी छान होती. ज्याला एखाद्या गाण्याला उत्तर द्यायचं असेल, त्यानं जत्रेत उभं राहायचं, आधी मूळ गाण्याचं एक कडवं जसंच्या तसं म्हणायचं, ते रचणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि मगच आपलं कडवं जोडायचं. ते शाहिराला नकोच असेल, तर त्यानं देवळाच्या पायरीवर आपला डफ पालथा ठेवायचा. मग ते गाणं त्याच्याशिवाय कुणी तोंडातून काढायचं नाही. हा हक्क आजवर कुणी वापरला नव्हता. आपल्याच लेकराच्या तोंडावर कोण कशाला हात ठेवील?

एका जत्रेत हौसा नावाची शेतकरीण उठली. तिचा नवरा खरोखरच मोहिमेवर गेला होता. तिनं रीतीप्रमाणे केरबाचं कडवं म्हटलं, त्याचं नाव घेतलं, पदर खोचला आणि पुढे गायली:

जा रे राया मोहिमेवर, पुसत नाही कधी येणार,
उंबऱ्याशी उभी राहून शेत आपलं कोण पेरणार?

बायकांत असा हशा पिकला आणि अशा टाळ्या पडल्या, की देवळावरची कबुतरं उडाली. केरबाच्या मात्र ते जिव्हारी लागलं. तो तरातरा पुढे आला.

"माझ्या गाण्यातली बाई उंबऱ्यावर उभी हाय! तिला शेतात न्यायला तू कोण गं?"

"शाहीरबुवा, गाणं तुमचंच हाय," हौसा म्हणाली. "मी निस्तं पुढचं सांगितलं. तुमची बाई दिसभर नुसती उभी ऱ्हायली, तर खाईल काय?"

लोक पुन्हा हसले. देवळाच्या पुजाऱ्यानं केरबाचा हात धरला. "शाहीर, इचार कर. डफ पालथा घालणं सोपं हाय, सुलटा करणं अवघड."

पण केरबा इरेला पेटला होता. त्यानं देवळाच्या पायरीवर डफ पालथा ठेवला आणि मान ताठ करून घरी गेला. आपण लेकराला वाचवलं, असं त्याला वाटत होतं.

गाव रीत पाळणारं होतं. बायकांनी जात्यावर दुसरी गाणी धरली. गाडीवानांनीही ते गाणं सोडलं. जत्रेत केरबा एकटाच ते गायचा आणि लोक अदबीनं ऐकायचे. कुणी सूर मिळवायचं नाही. अदब फार झाली की मजा जाते, हे शाहिराला कुणी सांगायचं?

वर्षं गेली. केरबाचा गळा बसला आणि जत्रेतलं गाणंही बंद झालं. एकदा ओढ्यावर खेळणाऱ्या पोरींना त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं, "पोरींनो, शिपायाचं गाणं येतं का गं?"

"कंचं वो आजोबा?" एकीनं विचारलं. ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

केरबा तिथंच खडकावर बसला आणि रडला. आपण गाणं वाचवलं नाही, कोंडून मारलं, हे त्याला तेव्हा कळलं. मग तो उठला आणि थेट हौसाच्या शेतावर गेला. ती खुरपत होती.

"हौसे, तुला माझं कडवं आठवतं का?"

"आठवंल न्हाई तर काय? त्याच्याबिगर माझं कडवं उभंच ऱ्हात न्हाई. पर डफ पालथा हाय, शाहीरबुवा."

"तो आता सुलटा करतो. उद्या जत्रा हाय. तू गा."

दुसऱ्या दिवशी साऱ्या गावासमोर केरबानं स्वतःच्या हातानं डफ उचलला. कातडं सैल पडलं होतं. त्यानं ते जाळावर शेकून ताणलं आणि डफ हौसाच्या हाती दिला. हौसानं त्याचं कडवं गायलं, त्याचं नाव घेतलं आणि मग आपलं कडवं म्हटलं. पोरांच्या तोंडाला ते लगेच लागलं.

इतक्यात गर्दीतून एक लंगडणारा माणूस पुढे झाला. तो हौसाचा नवरा होता, मधल्या वर्षांत मोहिमेवरून परतलेला. त्यानं डफ मागून घेतला, दोघांची कडवी म्हटली, दोघांची नावं घेतली आणि गायला:

आलो गं मी मोहिमेहून, उंबऱ्याशी कुणी नव्हतं,
हाक मारली बांधावरनं, पीक कंबरभर होतं.

सारी जत्रा उठून नाचायला लागली. पुजारी केरबाजवळ आला आणि भीत भीत म्हणाला, "शाहीर, राग न्हाई ना आला?"

केरबानं डोळे पुसले.

"राग कसला, बाबा? माझ्या गाण्यातला शिपाई इतकी वर्सं मोहिमेवरच हुता. त्याला घरी आणायचं मला कधी सुचलंच न्हाई. आज ह्या दोघांनी आणला."

तात्पर्य इतकंच: आपल्या गाण्याला कुणी उत्तर दिलं तर आनंद माना, कारण उत्तर देणाऱ्याला आधी आपलं गाणं पाठ करावं लागतं.