झगमगपूरला झोप कशी आली

एकदा काय झालं, झगमगपूर नावाचं एक नगर होतं. तिथे राजा नव्हता, नगराध्यक्ष होते. पण मान राजापेक्षा दांडगा, बरं का. नगरात दिवे इतके की रात्र आली तरी कुणाला कळायचं नाही. तिथल्या पोरांनी चांदण्या फक्त पुस्तकात पाहिलेल्या.

त्या नगरात हौसा नावाची बाई होती. दारोदार फिरून बायकांना बांगड्या भरायची. तिची एकच लेक, यमी. यमीला ताप आला आणि जाताना तिची झोप घेऊन गेला. डोळे मिटायचेच नाहीत. वैद्य झाले, डॉक्टर झाले, मोठं हॉस्पिटल झालं. पोर वाळत चालली. डॉक्टर म्हणाले, "हौसाबाई, ही झोपली नाही तर हाती लागायची नाही."

मग एक दिवस नगरात साळूमाय नावाची एक बाई आली. कुठून आली, ठाऊक नाही. अंगावर विटकं लुगडं, पायात काही नाही. वेशीजवळच्या आटलेल्या बारवेवर ती बसली. लोक जमले. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "आडनाव काय?"

साळूमाय म्हणाली, "बसा जरा."

बसलं कुणी नाही. मग तिने आपले दोन्ही तळवे बारवेच्या दगडावर टेकवले. आतून गार वारा आला. मग पाणी आलं, पायरी पायरी चढत, काचेसारखं, आत चिमुकल्या मासोळ्या घेऊन. पन्नास वर्षं कोरडी बारव, बाळांनो, आणि पाणी शेवटच्या पायरीला लागलं. मग लोकांनी काय केलं? सगळे पाण्याकडे पाठ करून उभे राहिले. का? फोटोत पाणी मागे यायला हवं ना. पाणी प्यायला एक आंधळा बैल तेवढा पुढे झाला.

मग साळूमायने त्या बैलाच्या डोळ्यांवर तळवे ठेवले. काढले तेव्हा त्या डोळ्यांत आभाळ दिसत होतं. बैलाने वळून धन्याला पाहिलं आणि त्याचा गाल चाटला. म्हातारा धनी रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी तपासणी समिती आली. साहेब म्हणाले, "बैल आंधळा होता, याचा दाखला आहे?"

धनी म्हणाला, "साहेब, बैल दाखला काढायला कुठं जातो?"

"मग आम्ही कसं मानायचं?"

"नका मानू. त्याच्यापुढून बाजूला व्हा तेवढं, त्याला रस्ता बघायचाय."

टीव्हीवर भांडणं लागली. कुणी म्हणे देवी, कुणी म्हणे ठग. जवळ जाऊन बसायला मात्र कुणाला वेळ नाही. शहाणी माणसं अशीच असतात, मी उगाच नाही म्हणत.

मग हौसा यमीला उचलून बारवेवर आली. म्हणाली, "माय, माझी पोर निजत नाही."

साळूमायने यमीकडे पाहिलं. ती उठली, दोन्ही हात पुढे केले, अन् तेवढ्यात गाड्या आल्या. नगराध्यक्ष खाली उतरले. "मायसाहेब, चला. सत्कार ठेवलाय. पाहुणे आलेत."

"या पोरीला आधी…"

"ते नंतर. कार्यक्रमाला उशीर होतोय."

आणि नेलंच तिला. आपल्याकडे माणूस थोर दिसला की त्याला काम करू देत नाहीत, स्टेजवर चढवतात.

हौसा पोरीला खांद्यावर टाकून मागे धावली. तिन्हीसांजा होत आल्या होत्या. मैदानात साळूमायचा फोटो लावला होता बोटाएवढा, नगराध्यक्षांचा दरवाज्याएवढा. मग काय झालं? आधी शाल. मग श्रीफळ. मग भला मोठा गुच्छ. मग हातभर उंचीचं स्मृतिचिन्ह. साळूमायच्या हातांत बोट घालायला जागा उरली नाही. आणि मानाचा नारळ काही जमिनीवर ठेवत नाहीत. बिचारी सगळं कवटाळून उभी.

मग भाषणं. एकाने दोन शब्द सांगतो म्हणून सांगितलं आणि घाम येईपर्यंत बोलला. मग दुसरा. मग तिसरा. खाली यमीचे हातपाय गार पडत चालले. डोळे सताड उघडे. "आई, मला अंधार दे गं," एवढंच ती पुटपुटली.

हौसा सरळ स्टेजवर चढली.

"ओ बाई, खाली उतरा," माइकवरचा पाहुणा ओरडला. "मायसाहेबांचा मान चाललाय."

"मान तुम्हीच ठेवा, दादा. मला तिचे हात पाहिजेत."

तिने नारळ काढला आणि नगराध्यक्षांच्या मांडीवर ठेवला. गुच्छ एका पाहुण्याला, स्मृतिचिन्ह दुसऱ्याला, शाल तिसऱ्याच्या डोक्यावर. खालून लोक ओरडले, मान हिसकावला म्हणून. जन्मभर दुसऱ्यांचे हात भरणारी बाई, त्या दिवशी तिने हात मोकळे केले.

साळूमाय हसली. "बरं केलंस, लेकी. हे कुठं ठेवावं, मला कळेना."

मग तिने तळवे यमीच्या डोळ्यांवर ठेवले.

आणि मग, बाळांनो, एक दिवा मालवला. कुणी बटण दाबलं नव्हतं. मग दुसरा. मग गल्ली, मग पेठ, मग सगळं झगमगपूर. वर आभाळ उघडलं. चांदण्याच चांदण्या, इतक्या खाली आलेल्या की हात लावावा. कुणाचा फोन वर झाला नाही. आभाळ आपल्या डोक्यावर रोज एवढं असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

यमीने श्वास सोडला. पापण्या मिटल्या. ती निजली.

मग माइकवरच्या पाहुण्याला जांभई आली. मग समितीच्या साहेबांना. मग एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून अख्खं नगर निजलं. जागा राहिला फक्त तो बैल. त्याला अजून बघून व्हायचं होतं.

सकाळी यमी उठली आणि म्हणाली, "आई, भूक लागली." साळूमाय कुठे दिसली नाही. नगराध्यक्षांच्या मांडीवरच्या नारळाला मात्र हिरवा कोंब फुटला होता. त्यांनी तो बारवेकाठी लावला, स्वतःच्या हाताने, फोटो न काढता. तेव्हापासून झगमगपुरात रात्री दिवे मालवतात, आणि आया पोरांच्या डोळ्यांवर तळवे ठेवतात. सगळे सुखात आहेत. बैलसुद्धा.

चला, तो फोन द्या इकडे. माझे हात मोकळे आहेत. मिटा डोळे.