पारख गाण्याची नव्हती

फार फार जुन्या काळी, उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या एका गावात, एका नव्या सुनेच्या कानावर तिच्यासाठी नसलेलं एक वाक्य पडलं. ती परसात भांडी घासत होती. कुडाच्या भिंतीपलीकडे सासू आणि मोठी जाऊ डाळ निवडत बसल्या होत्या.

“असा गळा असलेला माणूस असलं काही करेल होय? त्या पोरीलाच नाव कमवायचंय,” सासू म्हणाली. जावेने हुंकार भरला आणि दोघी पुन्हा खडे वेचू लागल्या. डाळीतले खडे मात्र त्या फार बारकाईने बघत.

तो माणूस म्हणजे गावचा गवई. राजाने त्याला सोन्याचं कडं दिलं होतं. हंगामात उसाच्या रसाची पहिली काहील, म्हणजे मोठी कढई, चुलाणावर चढली की तो गायचा, आणि त्याच्या गाण्याशिवाय गूळ जमत नाही असं सारं गाव मानायचं. गूळ आचेवर जमतो हे गुळव्यांना ठाऊक होतं, पण ते तसं बोलून दाखवत नसत.

ती पोर म्हणजे कुंभाराची लेक, विशी ओलांडलेली, तीन वर्षं गवयाकडे गाणं शिकणारी. तिने चावडीवर येऊन सांगितलं होतं की रियाजाच्या वेळी गवयाने दार लावून घेतलं आणि ती नको नको म्हणत असताना तिच्यावर जबरदस्ती केली. गवई म्हणाला, सगळं खोटं आहे. हिला दरबारात गायला नेलं नाही, त्याचा हा सूड.

चार दिवसांनी निकाल होता. मुलगी खोटी ठरली तर बापलेकीने गाव सोडायचं, असं ठरलं होतं. कुंभाराने चाक थांबवलं होतं. भाजायला ठेवलेल्या मडक्यांना त्याने आग लावली नव्हती.

तोवर गावाने आपापला निकाल देऊन टाकला. पाणवठ्यावर बायका विचारू लागल्या, ती एकटी गेलीच कशाला, तेव्हाच का नाही बोलली, आणि शिकायला जाताना केसात फुलं कशाला माळायची. दुसरीकडे तरुण पोरं पेटली होती. गवयाच्या दाराला बाहेरून कडी दिसली, म्हणून त्यांनी त्याच्या म्हाताऱ्या मृदंगवाल्याला चावडीच्या वाटेवर गाठून बडवलं आणि मृदंग फोडला. म्हातारा पलीकडच्या गावी लेकीकडे निघून गेला. तो चावडीकडे कशाला निघाला होता, हे कोणी विचारलं नाही.

निकाल सुनेच्या सासऱ्यांनी द्यायचा होता. ते गावचे पारखी. बाजाराआधी गुळाची प्रत तेच ठरवत आणि तंट्यात शब्दही त्यांचाच चाले. निकालाच्या दिवशी चावडीपुढे अख्खं गाव जमलं. आता ह्या गावात कुठलंही काम गवयाच्या गाण्याशिवाय सुरू होत नसे. सवयीने कोणीतरी त्यालाच म्हणालं, “सुरुवात करा, बुवा.”

आणि गवई गायला. फार सुंदर गायला. बायकांनी पदराने डोळे टिपले. सासरे डोळे मिटून डोलू लागले. कुंभाराची लेक मान खाली घालून बसली होती. ते गाणं तिला पाठ होतं.

सून मागे बायकांत बसली होती. तिला ह्या घरात येऊन पाचच महिने झाले होते, पण गुळाची एक पारख तिने पाहिली होती. त्या दिवशी सासरे पहाटेपासून गोडाला शिवत नसत. कडुनिंबाचा पाला चावून चूळ भरत, मगच गूळ चाखत. साऱ्या ढेपा एकसारख्या कापडाखाली झाकलेल्या असत, कुठली कोणाची ते कळू नये म्हणून.

ती उठली. चावडीजवळच्या कडुनिंबाची एक डहाळी मोडली, पाण्याचा तांब्या भरला, आणि पाला व तांब्या सासऱ्यांपुढे ठेवून जागेवर येऊन बसली. पारख्याची सून वेडी दिसते, असं कुजबुजत लोक हसले.

सासऱ्यांनी ती डहाळी उचलली. मग त्यांनी चार पानं चावली, चूळ भरली आणि म्हणाले, “तोंड गोड झाल्यावर मी पारख करत नाही. आज निकाल नाही.”

“म्हणजे माझ्या गाण्याला काही किंमत नाही?” गवयाने विचारलं.

“आहे की, बुवा. पण पारख गाण्याची नाही.”

दुसऱ्या दिवशी गाणं झालं नाही. आधी मुलगी बोलली, मग गवई, आणि कोणालाही मध्ये तोंड घालू दिलं नाही. ते घडलं त्या दिवशी गवयाच्या घरात आणखी कोण होतं, असं पारख्याने विचारलं. दोघांनीही मृदंगवाल्याचं नाव घेतलं. पोरं पायांकडे बघू लागली. मग त्याच पोरांना गाडी जुंपून म्हाताऱ्याला आणायला पाठवलं.

तो आला, हाताला फडकं बांधलेलं. त्या दिवशी गवयाने त्याला विड्याची पानं आणायला धाडलं होतं. परत आला तर दाराला आतून कडी, आणि आतून मुलीच्या विनवण्या ऐकू येत होत्या. त्याने दार ठोठावलं, तर गवयाने हाकलून दिलं. “मी घाबरलो,” म्हातारा म्हणाला. “मग धीर करून सांगायला निघालो, तर वाटेत ह्यांनी गाठलं.”

गवई पूर्वी जिथे जिथे शिकवत असे, तिथेही पारख्याने माणसं पाठवली. दोन गावांतून दोन बायका आल्या. त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या, आणि हकिगत मात्र तीच सांगत होत्या. मग पारख्याने निकाल दिला, की मुलगी खरं बोलली. गवयाचं कडं उतरवून त्याला राजाच्या शिपायांच्या हवाली केलं.

कुंभाराने भट्टी पेटवली. पोरांनी नवा मृदंग मढवून आणला, पण म्हाताऱ्याची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. काहील गाण्याविना चढली आणि गूळ चांगला जमला. मुलगी त्या वर्षी गायली नाही. पुढच्या वर्षी गायली, पण गवयाने शिकवलेलं एकही गाणं नाही.

एका दुपारी शेजारणी ओसरीवर जमल्या. सासू सांगत होती की तिला तर गवयाच्या नजरेतच सगळं दिसलं होतं. जावेलाही ते फार पूर्वीच कळलं होतं म्हणे.

सुनेने हातातलं सूप खाली ठेवलं.

“नाही आत्याबाई, आपल्याला कोणालाच काही दिसलं नव्हतं,” ती म्हणाली. “गोड गळा म्हणजे पुरावा नव्हे, आणि आपला संताप म्हणजेही पुरावा नव्हे; आधी दोघांचं नीट ऐकावं, शोधावं, आणि मगच बोलावं.”