मोकळे ठेवलेले उंदीर

“त्या काढ्यात तुम्ही अजून काय घालायचात, ताई?”

जयवंतने नीट बसायच्या आधीच विचारलं. द्वारकाताई मागच्या ओसरीवर शतावरीच्या मुळ्या सोलत होत्या. एकेकाळी तो याच घरात राहून त्यांच्याकडे वैद्यकी शिकला होता. आता पुण्यात वनस्पतींच्या अर्कांवर संशोधन करत होता. नाव झालं होतं.

“ज्येष्ठमध आणि शतावरी. तूच तर कुटायचास.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

तो ओसरीच्या कडेला टेकला. आत ज्येष्ठमध उकळत होता. तोच गोडसर वास…

परीक्षा जवळ आली की याच जागी त्याच्या पोटात आग पडायची. घास उतरायचा नाही. ताई पितळी पेल्यात कोमट काढा द्यायच्या आणि पेला रिकामा होईपर्यंत शेजारी बसून विचारत राहायच्या. म्हैस व्याली का, आजोबांचा खोकला कसा आहे, बहिणीला पाहायला कोण आलं होतं…

“मी ते सिद्ध केलं, ताई. ताण दिला की उंदरांच्या पोटात जखमा होतात. काढ्यातल्या मुळ्यांचा अर्क आधी दिला तर बऱ्याच कमी होतात. परदेशातून लोक बघायला येतात.”

“छान केलंस.” ताईंचा चेहरा खरंच उजळला.

“पण मला तो अर्क पुरत नाही.” त्याचा हात पोटावर गेला. “डॉक्टरांच्या गोळ्या आहेत, अर्कही रोज घेतो. तरी मध्यंतरी रक्त पडलं… तुमच्या काढ्यातलं काहीतरी माझ्याकडून सुटलंय.”

ताईंच्या हातातली सुरी थांबली.

“उंदरांना ताण कसा देतोस?”

“अरुंद नळीत कोंडतो. हलता येत नाही.”

“सगळ्यांना?”

“नाही. तुलनेसाठी काही मोकळे ठेवतो.”

“त्यांची पोटं?”

“चांगली असतात.”

“त्यांना कुठला अर्क देतोस?”

“काही नाही. नुसतं पाणी…”



ताईंनी मुळ्यांची परडी दोघांच्या मध्ये सरकवली. त्यानं एक मूळ उचललं. बोटांना अजून सवय होती. साल लांबच लांब निघाली, तसा तो स्वतःशीच हसला. मग आजोबांबद्दल बोलू लागला. ते गेले तेव्हा त्याला गावी पोचता आलं नव्हतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

ताई ऐकत राहिल्या.

उन्हं अंगणाच्या टोकाला गेली.

“निघायला हवं,” तो म्हणाला. “उद्या सकाळी बैठक आहे.”

पण तो उठला नाही.

ताई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

“तांदूळ धुतेय. तुझेही घालू ना?”