मान वळवलेला बैल

या, जवळ सरका. पांघरूण ओढू नका एकमेकांचं, सगळ्यांना पुरेल एवढं आहे. हं, तर ऐका.

एक होतं तळं. तळ्याच्या काठी गाव, आणि गावाच्या टोकाला भिवा कुंभाराचं घर. भिवाच्या हातात जादू होती, बरं का. दर पोळ्याला तो मातीचा एक बैल घडवायचा. बैलाची पूजा झाली, की पाटलीणबाई त्याच्या पाठीवर हलकेच थाप मारायच्या. मग तो मातीचा बैल चक्क हंबरायचा. तो आवाज कानावर पडला, की गावातले सगळे बैल गोठ्यातून उठायचे आणि झुली मिरवत वेशीकडे निघायचे. त्या गावची रीतच तशी. पोळ्याला कुणी बैलाला कासऱ्याने ओढायचं नाही. मातीच्या बैलाने हाक मारली तरच ते उठणार, आणि उठले तरच वर्षभर नांगर ओढणार.

मग काय झालं, भिवा म्हातारा झाला. हात थरथरायला लागले. मुलगा मडकी छान करायचा, पण बैल करायला बसला की त्याच्या हातून म्हैस व्हायची. राहिली सून, येसू. सासरी आली तेव्हा तिला साधा गोळा वळता येत नव्हता. भिवाने तिला हाताला धरून सगळं शिकवलं. कधी रागावला नाही, कधी तिचं काम मोडलं नाही. आता तो म्हणाला, यंदाचा बैल तू कर. येसूला वाटलं, मामंजींनी एवढं जीव लावून शिकवलं, आणि बैल मुका निघाला तर? गाव उपाशी राहील, आणि मामंजींची मान खाली जाईल.

ती तळ्यावर माती आणायला गेली. तिथे एक म्हातारं कासव राहायचं. त्याने डोकं बाहेर काढून विचारलं, कुणाचा बैल करणार? येसू म्हणाली, मामंजींचा. मग तिने अगदी तसाच केला. उंच वशिंड, सरळ शिंगं, नाक आभाळाकडे. येसूचा अंगठा जरा वाकडा होता, लहानपणी उखळात सापडलेला. त्यामुळे बैलाच्या मानेवर एक खळगी उमटायची. ती तिने ओल्या फडक्याने पुसून पुसून घालवली. मग पाठीवर थाप मारली. बैलाने तोंड उघडलं आणि तो खोकला. भिवा सकाळी उठल्यावर खोकायचा ना, हुबेहूब तसा. भिवाला हसून हसून ठसका लागला. येसू मात्र हसली नाही.

मग तिला आठवलं, जत्रेत राजाच्या कारागिराचा बैल पाहिला होता. केवढं ते नक्षीकाम! पुन्हा तळं, पुन्हा कासव, पुन्हा तोच प्रश्न. राजाच्या कारागिराचा, म्हणाली ती. गळ्यात माळा घातल्या, पायांत तोडे घातले, मानेवरची खळगी पुसली आणि थाप मारली. बैलाने मान लववली आणि म्हणाला, "जी सरकार." आता ही हाक ऐकून कुठला बैल उठणार, सांगा बरं?

पोळा उद्यावर आला. येसू तळ्याकाठी बसली आणि हमसून हमसून रडली. कासवाने विचारलं, "कुणाचा बैल?"

"मला नाही माहीत," येसू म्हणाली.

"बरं झालं. मग तुझ्या ओळखीचा एखादा बैल असेल, त्याचं तरी सांग."

मग येसू सांगायला लागली. तिच्या माहेरी चांद्या नावाचा बैल होता. बुटका, एक कान पडलेला. येसू लहान असताना त्याच्या मागे शेतात जायची. पाय इवलेसे, मागे पडायची. मग चांद्या थांबायचा, मान वळवून बघायचा, ही येतेय का. ती जवळ आली की पुढे निघायचा. सांगता सांगता तिचे हात मातीत कधी गेले, तिचं तिलाच कळलं नाही. घरी पोचली तेव्हा हातात बैल होता. बुटका, कान पडलेला, मान मागे वळवलेला. मानेवर अंगठ्याची खळगी. तिने फडकं उचललं, तसा ओट्यावरून भिवा म्हणाला, "पुसू नकोस, पोरी."

"पण मामंजी, तुमचा बैल कसा गुळगुळीत असतो."

"मी कधी पुसलाच नाही गं. माझा हात तसा चालतो, म्हणून तो तसा होतो. तुझा असा चालतो."

येसूने फडकं खाली ठेवलं.

पोळ्याला सगळा गाव जमला. बैल मागे बघतोय, हे कसलं लक्षण, अशी कुजबुज सुरू झाली. पाटलीणबाईंनी भीत भीत थाप मारली. आधी काहीच नाही. मग तो हंबरला. मोठ्याने नव्हे हं, मायेने. ये, मी थांबलोय, असं म्हणाल्यासारखा. गोठ्यागोठ्यांत कान टवकारले. सगळ्यांत थकलेला बैल आधी उठला, मग सगळे उठले. आणि वेशीकडे जाताना प्रत्येक बैलाने मान वळवून बघितलं, मागची पोरं येतायत ना.

येसूने भिवाच्या पायांवर डोकं ठेवलं. पहिली पुरणपोळी कासवाला नेऊन दिली. त्यानेही लाजत लाजत खाल्ली.

पुढे भिवा देवाघरी गेला. पण येसूचा एक नेम कधी चुकला नाही. पोळा आला की आपला बैल करायच्या आधी ती मामंजी करायचे तसा एक बैल करायची, नाक आभाळाकडे असलेला. तो कोनाड्यात ठेवायची आणि पाठीवर थाप मारायची. घरात तोच खोकला ऐकू यायचा. मग ती हात जोडून म्हणायची, "मामंजी, बसते हं मी कामाला." आणि मग आपल्या वाकड्या अंगठ्याने माती घडवायला घ्यायची. कासव, बैल, सारा गाव, सगळे सुखात राहिले.

चला, मिटा डोळे. चांद्या पुढे निघालाय. मान वळवून बघतोय, तुम्ही येताय ना.