बाळाच्या जिभेखालचा गुलाबी धागा

फुलबागेच्या कडेला, इवल्याशा झोपडीत रुंजी राहायची. बाबा दूर गलबतावर गेलेले, आई गजरे विकायची, आणि नवं बाळ नुसतं रडायचं. छातीशी घेतलं की दोन घोट प्यायचं, सुटायचं, दमायचं, पुन्हा टाहो! पाकळीसारखे गाल सुकत चालले होते.

"आईलाच दूध नाही गं," शेजारच्या ठकूमावशी म्हणाल्या. "अळिवाची खीर द्या." साऱ्या आळीने खीर दिली. बाळाच्या तोंडात मात्र कुणी डोकावलं नाही.

रडू लपवायला रुंजी बागेत गेली. तिथे मोगऱ्याखाली, कोळ्याच्या जाळ्यात चिमुकली सोनपंखी परी अडकली होती! रुंजीने एकेक तार अलगद सोडवली.

"गुणाची गं माझी! दोन इच्छा माग," परी किणकिणली. "पण काय बिघडलंय ते स्वतः पाहून सांगायचं. ऐकीव सांगशील तर इच्छा वाया."

"आईला खूप दूध येऊ दे!"

रुंजी परीला खांद्यावर घेऊन घरी धावली, तर आईचा पदर दुधाने भिजलेला. बाळ उपाशी ते उपाशीच.

"ही इच्छा तुझी की ठकूमावशींची?" परीने हळूच विचारलं.

रुंजी लाजली. मग तिने बाळाला कोवळ्या उन्हात मांडीवर घेतलं आणि ते रडताना नीट पाहिलं. जीभ वर उचलली जातच नव्हती. टोकाला खाच, आणि खाली एक गुलाबी धागा जिभेला घट्ट बांधून बसलेला.

"परीताई, याची जीभ बांधलीय! तेवढा धागा कापून सोडव."

"अगंबाई, जिभेला कात्री? पोर मुकं होईल!" दारात आलेल्या ठकूमावशी ओरडल्या.

आईने रुंजीकडे पाहिलं. "तू स्वतः पाहिलंस?"

"पाहिलं, आई."

"मग होऊ दे."

परीची चंदेरी कात्री लुकलुकली. कच्! गुंजेएवढा लाल थेंब, एक टाहो, आणि बाळ आईच्या कुशीत. गटक्, गटक्, गटक्! दुधाचे ओघळ हनुवटीवर आले.

"माझ्या लेकीनं शोधलं हो!" आई दारातून आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

ठकूमावशी लगबगीने घरी गेल्या. मग आपला तान्हा नातू घेऊन आल्या. "रुंजे, हाही पिताना सारखा सुटतो. बघतेस का गं जरा?"

रुंजीने ताठ मानेने नातवाला मांडीवर घेतलं. परी खुदकन हसली, आणि उन्हात ऊन मिसळावं तशी झगमगत विरून गेली.